सातवा आठवडा की ईस्टर

सिक्सटेन आल्मार्क आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि मी त्याच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर. एकतीस वर्षं त्याची पावलं माझ्या डोक्यावर वाजली आहेत, त्यामुळे माणूस मला चेहऱ्यापेक्षा चालीवरून जास्त कळायचा. सकाळी साडेपाचला उठणार, बाथरूमकडे बारा पावलं, परत बारा. निवृत्त झाला तरी साडेपाचच. एकदा जिन्यात मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, आता कुठं जायचंय तुला एवढ्या पहाटे?" तर म्हणाला, "कुठं नाही. पण पडून राहिलं की आपण आजारी आहोत असं वाटतं, मायकेन."

बोरोसच्या कापडगिरणीत तो मागाचा मेकॅनिक होता. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा बसडेपोत गेला आणि तिथून म्हातारा होऊन बाहेर पडला. उंच, किंचित वाकलेला, हात मोठे. बोलणं कमी. पण काही निवडायचं म्हटलं की हा माणूस वेगळाच व्हायचा. साधी कॉफीची किटली घ्यायची तर दोन महिने. चौकटीच्या कागदाची वही काढायची, पट्टीने रकाने आखायचे, दुकानादुकानांत जाऊन झाकण घट्ट बसतं का, कान गरम होतो का, ते स्वतः पाहायचं आणि लिहायचं. तोवर बायको पातेल्यात कॉफी उकळायची.

बायकोचं नाव गुनवोर. टपालाने कपडे विकणाऱ्या एका कंपनीत तिने अख्खं आयुष्य पार्सलं बांधली. बुटकी, गोल, हसरी, आणि तोंडाने अगदी तिखट. माझ्यासमोर ती त्याला विचारायची, "काय रे, माझ्याशी लग्न करताना पण वही केली होतीस का?"

"केली होती," तो वर न बघता म्हणायचा. "बाकीच्या रकान्यात बसल्या नाहीत."

"बघ मायकेन. म्हणजे तेव्हा मी रुंद नव्हते, बरं का."

आमच्याकडे स्वीडनमध्ये वर्षाला तारखा नसतात, आठवडे असतात. कोणी सोळा फेब्रुवारी म्हणत नाही, सातवा आठवडा म्हणतात. हिवाळ्यात शाळांना आठवडाभर सुट्टी असते, स्कीसाठी. ती सगळ्यांना एकदम दिली तर अख्खा देश एकाच डोंगरावर जाऊन चढेल, म्हणून वाटून दिलेली. आम्हाला सातवा आठवडा, दक्षिणेत मालमोकडे आठवा, स्टॉकहोमला नववा. सिक्सटेन आणि गुनवोरची दोन्ही पोरं लहान होती तेव्हापासून ते सातव्या आठवड्यात ल्यूसदालेनला जायचे. भाड्याचं एकच लाकडी घर, बावीस वर्षं. त्या घरांचा रिवाज असा की जो त्या आठवड्याला तिथं राहिला, त्याचा पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्यावर पहिला हक्क. निघताना किल्ली परत करायची आणि 'पुढच्या वर्षी?' असं विचारलं की 'हो' म्हणायचं. सिक्सटेनला वही न काढता म्हणता येणारा तो एकच 'हो' असावा.

पुढे पोरं मोठी झाली. थोरली पेर्निला लग्न करून मालमोला गेली, धाकटा येस्पर स्टॉकहोमला. दोघांनाही दोन-दोन मुलं झाली, ती शाळेत जायला लागली, आणि घरात तीन वेगवेगळे आठवडे झाले. म्हातारा-म्हातारी सातव्यात ल्यूसदालेनला जायची, मुलगी आठव्यात दुसरीकडे, मुलगा नवव्यात तिसरीकडे. नाताळला सगळी जमायची, पण नाताळ म्हणजे तीन खोल्यांत दहा माणसं आणि एक संडास. बर्फात सगळी मिळून कधीच नाही. गुनवोर याच्यावर कुरकुर करायची नाही. फक्त प्रत्येक वर्षी ल्यूसदालेनहून आली की म्हणायची, "घराला आठ खाटा आहेत, मायकेन. सहा रिकाम्या बघून झोपायचं म्हणजे कसंसंच होतं."

ती आजारी पडली ते सप्टेंबरात. पोटात दुखायचं, मग खाणं कमी झालं, मग तपासण्या झाल्या. ज्या दिवशी तपासण्यांचं कळायचं होतं त्या दिवशी मी तळघरात धुणं वाळवत होते. इमारतीची धुण्याची खोली सामाईक आहे. भिंतीवर पाटी आहे, ज्याने त्याने आपलं कुलूप आपल्या वेळेवर लावायचं. वेळ हुकली की पुढची दोन आठवड्यांनी. सिक्सटेन चादरींची टोपली घेऊन खाली आला.

"गुनवोर कुठं आहे?" मी विचारलं.

"हॉस्पिटलात. आज सांगणारेत."

"आणि तू इथं?"

"आमची वेळ होती ना. तीच म्हणाली, तू धुणं काढ, मी बसने जाऊन येते. तिथं दोघांनी बसून काय करायचं."

मी त्याला वेड्यात काढलं नाही. मला तेव्हा ते वेडेपण वाटलंच नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. धुण्याची वेळ होती. आम्ही सगळे तसेच आहोत. डॉक्टर काय म्हणाले ते त्यामुळे एकट्या गुनवोरने ऐकलं. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं ते एवढंच: गाठ आहे, कापण्यासारखी नाही, पण हिवाळा निघेल. त्याने विचारलं, निघेल म्हणजे? ती म्हणाली, निघेल म्हणजे निघेल, हिवाळा कधी अडकून बसलाय का.

आणि मग त्याच रात्री जेवताना ती म्हणाली, "मला एकदा चारही नातवंडं एका वेळी बर्फात बघायची आहेत. आपण सगळी, एका घरात. कुठं ते तू निवड."

हे मला सिक्सटेनने दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगितलं, आणि त्याच दुपारी तो नवी वही घेऊन आला.

पुढचे तीन महिने त्या माणसाने जे केलं ते मी पाहिलं आहे. टीव्हीवर त्या वेळी नुसत्या अक्षरांची पानं यायची, त्यांत रोज कुठल्या गावी किती बर्फ ते असायचं. सिक्सटेन सकाळी सहाला ती पानं उतरवायचा. सोळा ठिकाणं होती त्याच्या यादीत, ती नऊ झाली, मग पाच, मग तीन. पण बर्फ हा एकच रकाना नव्हता. खाली झोपायची खोली आहे का, कारण गुनवोरला जिना झेपेल असं नाही. दारापर्यंत किती पायऱ्या. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटर. लहान मुलांना शिकवणारे आहेत का. आणि सपाट वाट आहे का, जिच्यावरून घसरखुर्ची ढकलता येईल. घसरखुर्ची म्हणजे पुढे बसायची जागा आणि मागे उभं राहून पायाने रेटायचं. त्याला गुनवोरला तीत बसवून पोरं जिथं स्की करतात तिथपर्यंत न्यायचं होतं.

तो घरमालकांना फोन करायचा. छतातून मला ऐकू यायचं. "नमस्कार, मी बोरोसहून सिक्सटेन आल्मार्क. तुमच्या दाराच्या पायऱ्या किती आहेत? ... नाही, अंदाजे नको, मोजून सांगा. मी थांबतो." आणि खरंच थांबायचा. लोक बाहेर जाऊन थंडीत पायऱ्या मोजून यायचे.

संध्याकाळी मात्र तो गुनवोरच्या पलंगाशी बसून सगळं वाचून दाखवायचा. मी कधी सूप घेऊन वर गेले तर हेच चाललेलं असायचं.

"चौथं घर. पायऱ्या तीन. शेगडी आहे. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला."

"उत्तरेला?" गुनवोर उशीवरून म्हणायची. "मग सकाळचं ऊन कुठून येणार? विचारलंस का?"

"विचारलं नाही."

"मग काय विचारलंस? पायऱ्या पायऱ्या करत बसतोस. उद्या विचार. आणि पडदे कसले आहेत ते पण विचार."

"पडद्यांचं काय करायचंय तुला?"

"मला पडून बघायचे आहेत ते, तुला नाही."

तो बडबडत वहीत लिहून घ्यायचा. मला वाटायचं, किती छळते ही बाई त्याला, मरायला टेकली तरी सोडत नाही. पण तो खूश असायचा. जेवायचा नीट. साडेपाचची बारा पावलं चुकत नव्हती.

नाताळ झाला, पोरं येऊन गेली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सिक्सटेन वही घेऊन माझ्या दारात आला. असा तो कधी येत नसे. मी कॉफी ठेवली. त्याने वही माझ्या टेबलावर उघडली.

"तीनच उरलीत. एक मोठं आहे, तिथं दिवे न् गाणी, ते जाऊ दे. आता ल्यूसदालेन की कोर्पव्हालेन."

कोर्पव्हालेन उत्तरेला, उंचावर. मी म्हटलं, "तुमचं घर ल्यूसदालेनलाच आहे की. सातव्या आठवड्यात जा. बर्फ असतोच तेव्हा."

"असतो. एकसष्ट सेंटिमीटर सरासरी. पण पोरं कशी येणार? मालमोला आठवा, स्टॉकहोमला नववा. सातव्यात दोन्हीकडे शाळा चालू." त्याने एका रकान्यावर बोट ठेवलं. "सगळ्यांची सुट्टी एकत्र म्हणजे ईस्टर. या वर्षी ईस्टर उशिरा आहे, एप्रिलच्या मध्यावर. तेव्हा ल्यूसदालेनला चिखल असतो. कोर्पव्हालेनला मीटरभर बर्फ. गेल्या दहा वर्षांत एकदाही कमी नाही, मी विचारलंय."

"एप्रिल म्हणजे तीन महिने आहेत अजून," मी म्हणाले.

"हिवाळा निघेल म्हणालेत ना."

आता इथं मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात होते. मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर माझं टेबल. पोरांच्या रजेचे अर्ज माझ्या हातून जायचे. वर्षातून दहा दिवसांपर्यंत रजा मुख्याध्यापक आपल्या अधिकारात देतात. मायोर्का बेटावर मजा करायला जायचंय म्हणून कोणी अर्ज केला तर कपाळाला आठ्या पडायच्या, पण आजी आजारी आहे, शेवटची भेट आहे, असा अर्ज सव्वीस वर्षांत एकदाही नाकारलेला मी पाहिला नाही. कागदावर दोन ओळी लिहायच्या, खाली सही. पाच मिनिटांचं काम.

हे मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

"पोरांना विचारलंस का?" एवढंच म्हणाले.

"काय विचारू? शाळा बुडवून या म्हणू? पेर्निलाला मी म्हटलं तर तिला नाही म्हणता येणार नाही. असं कोणाला अडचणीत टाकायचं नसतं. त्यांचे त्यांचे व्याप असतात."

मी का बोलले नाही, याची मी पुढे पुष्कळ कारणं काढली. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नसतं हे एक. तो तीन महिने खपला होता, त्याच्या कष्टांवर पाणी कशाला ओतायचं, हे दुसरं. पण खरं कारण एकच. सातव्यातच जा असं सांगणं म्हणजे ती ईस्टरपर्यंत राहणार नाही असं सांगणं होतं. ते त्याच्या तोंडावर कोण म्हणणार? मी, जी कचऱ्याच्या डब्यावरून अख्ख्या इमारतीशी भांडते, ती मी तिथं साखर ढवळत बसले.

त्याच दिवशी त्याने ल्यूसदालेनला फोन करून बावीस वर्षांचा आठवडा सोडून दिला. मला वरून आवाज आला. "हो. नाही, या वर्षी नाही. हो, मला माहीत आहे पुढच्या वर्षी मिळणार नाही. दुसऱ्या कोणाला तरी द्या." मग कोर्पव्हालेन घेतलं. मग मालमोला फोन, मग स्टॉकहोमला. त्या संध्याकाळी तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मी रेडिओ बंद केला. "पाच पायऱ्या, पण रुंद! खाली खोली आहे! सकाळचं ऊन पलंगावर येतं, मी विचारलंय!"

सातवा आठवडा आला. आणि काय सांगू, त्या आठवड्यात गुनवोर चांगली होती. औषध बदललं होतं, दुखणं आवरलं होतं, गालांवर जरा रंग. बोरोसमध्येसुद्धा भरपूर बर्फ पडला. मंगळवारी मी बेकरीतून सेमला आणल्या, या दिवसांत मिळणारे ते मलईचे पाव, आणि वर गेले. गुनवोर खिडकीशी खुर्चीत बसली होती, कपडे करून. तिने अख्खा एक खाल्ला. मलई नाकाला लागली. खाली अंगणात शाळेला सुट्टी लागलेली पोरं उतारावरून ढकलाढकली करत होती.

"आज मी बर्फात बसले असते की," ती म्हणाली. "अगदी मजेत."

"जाशील की एप्रिलात," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ती निळ्या टोपीतली पोर किती हट्टी आहे बघ, चौथ्यांदा पडली." मुला-नातवंडांचं नाव तिने त्या दिवशी घेतलं नाही, मीही नाही.

दहाव्या आठवड्यात ती उठायची बंद झाली. सिक्सटेन तरी रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून कोर्पव्हालेनचा बर्फ वाचायचा. एकशे चार. एकशे नऊ. "वाढतोय," तो म्हणायचा. "थांबलीस तर मस्त मिळणार तुला." अकराव्या आठवड्यात बुधवारी दुपारी ती गेली. मी खाली होते. वरून नुसती पावलं आली, बाथरूमकडे नाही, कुठेच नाही, खोलीतल्या खोलीत, आणि मग तीही थांबली.

आमच्याकडे माणूस गेल्यावर दफन लगेच होत नाही, तीन-चार आठवडे सहज जातात. तारीख मिळाली ती चौदाव्या आठवड्यातला शुक्रवार. पुढचा आठवडा ईस्टरचा. मी सिक्सटेनला विचारलं, कोर्पव्हालेनचं काय करणार? तो म्हणाला, "जाणार. मुलांना सांगितलंय. शनिवारी निघायचं."

दफनाला पोरं-नातवंडं सगळी आली. चर्चच्या शेजारच्या सभागृहात कॉफी आणि मोठा सँडविच-केक होता, पावाच्या थरांचा, वर कोळंबी लावलेला, गुनवोरला आवडायचा तसा. मी केक कापत होते म्हणून त्यांच्या टेबलाजवळच होते. चार नातवंडं एका बाकावर ओळीने बसलेली. सिक्सटेन त्यांच्याकडे बघत होता. मग अचानक येस्परला म्हणाला, "आज शुक्रवार. तुमच्याकडे सुट्टी सोमवारपासून ना? आज शाळा होती?"

"होती, पप्पा. रजा घेतली."

"मिळाली?"

"मिळणारच. एक कागद भरायचा असतो. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथं सही केली."

"तिथल्या तिथं," सिक्सटेन म्हणाला. त्याने चमचा खाली ठेवला. त्याच्या मोठ्या कपाळामागे काय चाललंय ते मला दिसत होतं, तो रकाने आखत होता. "म्हणजे कुठल्याही आठवड्यात मिळते. कारण असलं तर."

"मिळते की," येस्पर म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "तू विचारलं असतंस तर मी एका दिवसात..." आणि मग त्याला कळलं.

पेर्निला रडायला लागली. सकाळपासून, चर्चमध्येसुद्धा, ती रडली नव्हती. "माझ्याकडे होती," ती म्हणाली. "पप्पा, माझ्याकडे डिसेंबरात रजा मंजूर होती. दोन्ही मुलांची, सातव्या आठवड्याची. आईनं मला नोव्हेंबरातच सांगितलं होतं की ईस्टर धरून चालू नको. मी लगेच अर्ज केला. मी तुला फोन करणार होते, ती म्हणाली थांब, त्याचं निवडून होऊ दे, तो आपणच विचारेल. मग तुझाच फोन आला. कोर्पव्हालेनचा."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुझा आवाज असा होता, पप्पा. मी आईला फोन केला, म्हटलं, आता सांगते मी त्याला. ती म्हणाली, खबरदार. रोज माझ्याजवळ बसून वाचतो, चेहऱ्यावर जीव आलाय त्याच्या. ते काढून घेऊ नकोस. मला बर्फ नाही मिळाला तरी चालेल, म्हणाली."

चार नातवंडं केक खायची थांबली होती. सगळ्यात धाकटीने विचारलं, आजोबा रागावले का.

मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. पेर्निलाचा आला, एवढी बाई होऊन एक फोन करता आला नाही तिला. येस्परचा आला, दुरून नुसता हो म्हणत राहणारा. गुनवोरचा आला. जिला आत्ता मातीत ठेवून आलो तिचा राग येणं बरं नाही, पण आला. काय समजत होतीस स्वतःला, असं विचारावंसं वाटलं. आणि सगळ्यात जास्त माझा आला, कारण माझ्याकडे तर कुठलं कारणच नव्हतं. सगळे एकमेकांना जपत होते. एकाने जरी आवाज चढवला असता, तर ती बाई सातव्या आठवड्यात बर्फात बसली असती.

मी ताटल्या गोळा करून आतल्या स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला. थोड्या वेळाने सिक्सटेन आत आला, काळ्या कोटात, आणि दाराशी लटकणारा पंचा घेऊन कप पुसायला लागला. त्या दिवशीही त्याला बसून राहणं जमलं नाही.

"तू शाळेच्या ऑफिसात होतीस," तो म्हणाला.

"होते."

"मी वही घेऊन आलो होतो तुझ्याकडे. तेव्हा तुला माहीत होतं हे?"

खोटं बोलायला वाव होता. नियम बदलतात, शहराप्रमाणे वेगळे असतात, काहीही म्हणता आलं असतं. "माहीत होतं," मी म्हणाले. "मी बोलायला हवं होतं, सिक्सटेन. मी भ्याले."

त्याने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, मी तशी तयारी करून उभी होते. त्याने कप उलटा ठेवला, दुसरा घेतला.

"तूच काय, सगळ्यांनाच माहीत होतं. तिलाही होतं," तो म्हणाला. "मी रोज तिला विचारायचो, मायकेन. तीन महिने. उत्तरेची खिडकी चालेल का. पाच पायऱ्या चालतील का. शेगडी हवी का. ती सगळ्याला उत्तर द्यायची. मला वाटायचं, केवढी हौस आहे हिला जायची."

"होतीच तिला हौस."

"होती ना. म्हणून म्हणतो." त्याचे हात थांबले. "कुठं जायचं, ते मी तिला तीन महिने विचारत राहिलो. कधी जायचं, हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, उद्या."

बाहेर पेर्निला मुलांना कोट घालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते तीन गाड्यांनी कोर्पव्हालेनला गेले. तिथं एकशे बावीस सेंटिमीटर बर्फ होता.